तीन पाण्यांची फिल्म

जपून ठेवायच्या कोणत्याही वस्तूची आधी घडी घालावी लागते. शालूची घालतात, गोधडीची घालतात, सातबाऱ्याच्या उताऱ्याची घालतात. उलगडलेली वस्तू फार दिवस टिकत नाही, आणि टिकली तरी ती ठेवायला घरात जागा नसते. आठवणींनाही हाच नियम लागू आहे, हे शहाद्याच्या इंदरमल शेठना कुणी शिकवावं लागलं नाही, कारण घड्या घालण्यातच त्यांची पंचावन्न वर्षं गेली होती.

बाजारपेठेत त्यांचं अस्तराचं आणि फॉलचं दुकान आहे. ब्लाउजला आतून लावायचं सुती अस्तर पहिल्या धुण्यात आटतं, मग वरच्या कापडाला चुण्या पडतात आणि गिऱ्हाईक शिंप्याच्या नावाने खडे फोडतं. यावर इंदरमल शेठच्या वडिलांनी उपाय काढला होता. अस्तर विकण्याआधीच तीन वेळा पाण्यातून काढायचं, गच्चीवर वाळवायचं, आणि आटायचं तेवढं आटून झालं की मगच गिऱ्हाइकाला द्यायचं. दुकानावर पाटी आहे : 'आमचा माल तुमच्या घरी आटत नाही.' पाटीत खोटं काही नाही. (तो आमच्याकडेच आटलेला असतो, हे लिहायला जागा उरली नव्हती.) दुकानाचे आणखी दोन नियम आहेत. एक, अर्धवट तयार झालेला माल गिऱ्हाइकाला दाखवायचा नाही. दोन, आटवलेला आणि न आटवलेला माल एका कपाटात ठेवायचा नाही, नाहीतर नोकर घोटाळा करतात. या तीन नियमांवर दुकान अठ्ठ्याहत्तर वर्षं उभं आहे, तेव्हा त्यांना नावं ठेवण्याचा अधिकार कुणाला नाही.

यंदाच्या मार्गशीर्षात इंदरमल शेठ आणि छोटीबाई यांच्या लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण व्हायची होती. काय हवं, असं शेठनी बायकोला विचारलं. पन्नास वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच आल्यामुळे छोटीबाईंनी दोन दिवस विचार केला. बांगड्या नकोत म्हणाल्या, यात्रा नको म्हणाल्या.

"मले मन्ही मायनं तोंड दखनं शे," त्या म्हणाल्या.

त्यांची आई सुगंधाबाई जाऊन चोवीस वर्षं झाली. तिचा एकही फोटो नाही. कॅमेरा दिसला की बाई डोक्यावरची ओढणी हनुवटीपर्यंत ओढून घ्यायची. फक्त रिषभच्या, म्हणजे शेठच्या मुलाच्या, लग्नात एकदा चूक झाली. मायरा चालला होता. मायरा म्हणजे नवरदेवाच्या आईच्या माहेरचे लोक कापडचोपड घेऊन येतात तो विधी. माहेरची सगळी माणसं पाटांवर आणि सुगंधाबाई मागे भिंतीजवळ, कारण विधवेने शुभकार्यात पुढे येऊ नये असा रिवाज होता. (तो कुणी रद्द केल्याचं अजून ऐकिवात नाही.) तिथे बसल्याबसल्या तिने एकदा ओढणी वर केली, लेकीकडे बघितलं आणि काहीतरी म्हणाली. छोटीबाईंचं लक्ष तेव्हा ताटांकडे होतं. आई काय म्हणाली ते ऐकायचं राहून गेलं, आणि पुढल्या वर्षी ती गेली. व्हिडिओवाल्याचा कॅमेरा मात्र त्या वेळी, कुणाचंही लक्ष नसताना, तिकडे वळला होता.

लग्नाच्या तीन कॅसेटी होत्या आणि त्या बघायचं यंत्र वीस वर्षांपूर्वीच बंद पडलं होतं. शेठनी कॅसेटी एका स्टुडिओतून संगणकात उतरवून आणल्या आणि नातू तरुणच्या स्वाधीन केल्या. तरुण पुण्यात संगणक शिकून आलेला, म्हणजे घरातला जाणकार. त्यामुळे त्याचं कुणी ऐकत नसे. त्याने नऊ तासांचं लग्न पुन्हा पुन्हा बघून त्याची वर्गवारी केली ती अशी : नाच, अडतीस टक्के, जेवणाच्या पंगती, बावीस टक्के, कॅमेऱ्यासमोर आलेली बन्सीलाल फूफाजींची, म्हणजे रिषभच्या आत्याच्या नवऱ्याची, पाठ, अकरा टक्के, बन्सीलाल फूफाजींचा नाच (वरच्या नाचात धरलेला नाही), नऊ टक्के, वधू आणि वर मिळून, चार टक्के, उरलेलं लग्न, किरकोळ. सुगंधाबाई एकूण चार मिनिटं. त्यांपैकी ओढणी वर, चौदा सेकंद.

काटछाट करून तरुणने बावन्न मिनिटांची सुरेख फिल्म तयार केली. त्या चौदा सेकंदांत म्हातारीच्या नाकातली नथसुद्धा दिसत होती. ओठ हललेले दिसत होते. तरुण आजीला हाक मारायला उठला, तेव्हा शेठनी त्याला खाली बसवलं. माल अजून तयार झालेला नव्हता. फिल्म जतन करायची राहिली होती.

जतन करा म्हटल्यावर संगणकाने सतरा नावांची यादी पुढे केली. फिल्म किती दाबून, कोणत्या घडीत ठेवायची, हे विचारण्याची त्याची ती पद्धत. सतरा नावं बघून घरातले गांगरले, शेठ गांगरले नाहीत. त्यांच्याकडे अस्तराच्या नुसत्या गुलाबी रंगाच्या एकवीस छटा होत्या. त्यांनी दुकान बंद असतं त्या दिवशी गादीवर सभा बोलावली. (या घरात मारवाडी आता देवापुढे आणि राजस्थानच्या फोनवर उरली आहे. बाकी सगळा कारभार अहिराणीत.)

रिषभ म्हणाला, एमओव्ही ठेवा. मोठे लोक तेच ठेवतात असं त्याने ऐकलं होतं. त्याची बायको जिनल म्हणाली, दिवाणखान्यातल्या टीव्हीला जे चालेल ते ठेवा, एमपीफोर. नात एकता म्हणाली, कुटुंबाच्या ग्रुपवर एकशे चौदा माणसं आहेत, त्यांना पाठवता येईल एवढी बारीक करा. तरुण म्हणाला, मूळ फिल्म आहे तशी ठेवू आणि ज्याला जी हवी ती प्रत तिच्यावरून काढून देऊ. हा प्रस्ताव इतका साधा होता की तो चर्चेला घ्यायची कुणाला गरज वाटली नाही.

शेठनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "टीव्हीमा आटी का नही?"

"आटी," तरुण म्हणाला.

"मोबाइलवर धाडी का आखो आटी?"

"हा, पण दादाजी..."

"मंग गिऱ्हाइकना घर आटापेक्षा आपला घर आटाडेल बरी. तीन पाणी द्या."

"हाई कापड नही शे, दादाजी. एकदाव तोंड पुसाई गयं का परत येत नही."

"रंग जाई तो माल आपू ठेवतसच नही," शेठ म्हणाले, आणि सभा संपली. एकताने मोबाइलवर इतिवृत्त लिहिलं, त्यात तरुणचा आक्षेप नोंदवला गेला. आक्षेप नोंदवला की त्याचं पुढे काही करावं लागत नाही, ही सोय सर्व चांगल्या संस्थांमध्ये असते.

मग वडीलधारेपणाच्या क्रमाने फिल्मला पाणी देण्यात आलं. पहिलं पाणी रिषभचं : अडतीस जीबीची सहा जीबी झाली. त्या आटलेल्या फिल्मला जिनलचं दुसरं पाणी : सातशे एमबी. तिला एकताचं तिसरं पाणी : नव्वद एमबी. शेठ स्वतः शेजारी बसले होते. त्यांनी खात्रीसाठी चौथं पाणी द्यायला लावलं, पाचवं द्यायला लावलं. नव्वदची नव्वदच राहिली.

"दख, आते आटस नही," शेठ म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर वडिलांना दिलेला शब्द पाळल्याचं समाधान दिसलं. मग कपाटाच्या नियमानुसार न आटवलेला सगळा माल संगणकातून काढून टाकण्यात आला. बटण तरुणला दाबावं लागलं. संगणकाने दोनदा विचारलं, नक्की ना? तरुणने आजोबांकडे बघितलं. घरात एवढ्या वेळा कुणाला विचारायची पद्धत नव्हती.

राहिल्या त्या तीन कॅसेटी. त्याही न आटवलेल्याच. दुसऱ्या दिवशी तोरणमाळच्या वाटेवरच्या पाड्यातून खात्या नावाचा शेतकरी आला. सुनेच्या शिलाई मशीनसाठी तो दर दोन महिन्यांनी अस्तर नेतो. गल्ल्याशेजारी कॅसेटी बघून त्याचे डोळे चमकले.

"शेठ, हाई पट्टी मले द्या. जुवारीवर बांधस. चमकस, वारामा वाजस, पाखरं येतंस नही."

शेठनी तीनही कॅसेटी त्याला फुकट दिल्या. वर अर्धा मीटर फॉल दिला. त्या दिवशी त्यांना फार हलकं वाटत होतं.

आता ही दाबून घडी घालण्याची रीत कशी चालते ते सांगणं भाग आहे, कारण ती अत्यंत न्यायाची आहे. चित्रात जो हलतो त्याला जागा मिळते. जो हलत नाही त्याच्या नावापुढे यंत्र फक्त 'वरीलप्रमाणे' एवढीच नोंद करतं. दर वेळी जागा कमी पडली की हलणाऱ्याला पहिल्यांदा वाढतात, आणि न हलणाऱ्याला पातेल्यात उरलं तर. त्यातून न हलणारा माणूस फिक्या रंगाचा असला, भिंतही फिक्या रंगाची असली, तर दोघांसाठी वेगवेगळा रंग कशाला वापरा, असा काटकसरीचा विचार यंत्र करतं. बन्सीलाल फूफाजींनी लग्नात एकवीस वेळा नाचून ठेवलं होतं. पाच पाण्यांनंतरही त्यांच्या साफ्याचा तुरा लखलखत होता. बदामी ओढणीतली सुगंधाबाई बदामी भिंतीजवळ चार मिनिटं स्वस्थ बसली होती. वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे.

दिवाणखान्यात फिल्म लागली. छोटीबाई नवी साडी नेसून पुढच्या खुर्चीवर बसल्या होत्या, हात मांडीवर, जसं देवळात बसतात तसं. मायरा आला. माहेरची माणसं आली, ताटं आली, फूफाजी दोनदा नाचून गेले.

"माय कोठे शे?" छोटीबाईंनी विचारलं.

"ती काय भितजोडे," शेठ म्हणाले. त्यांनी उठून पडद्यावर बोट ठेवलं. बोटाखाली भिंत होती. भिंतीचा एक भाग जरा फुगीर होता, पोपडा धरल्यावर होतो तसा.

फिल्म तर तीन पाण्यांची, उलट दोन पाणी जास्तच. तिच्यात खोट असणं शक्य नव्हतं. टीव्ही नवा होता. मग खोट कुठे असेल, हा प्रश्न उरला, आणि नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण आपल्याकडे उगाच झालेली नाही. जिनलने सासूबाईंच्या चष्म्याकडे बघितलं.

"मम्मीजी, तुमना डोयाले मोतीबिंदू शे. म्हनीसन दिखस नही."

हे सर्वांना एकदम पटलं. रिषभला सुगंधाबाई दिसत होत्या. एकताला दिसत होत्या. शेठना तर स्वच्छ दिसत होत्या, फक्त नेमक्या कुठे ते त्यांना सांगता येत नव्हतं. तरुणला दिसत नव्हत्या, पण त्याचा आक्षेप आधीच नोंदवून झाला होता.

नंदुरबारच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मोतीबिंदू आहे, पण कोवळा आहे, घाई नाही. घाई आहे, असं शेठनी डॉक्टरांना समजावलं. पंधरा दिवसांच्या अंतराने दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि उत्तम झाली. फिल्ममधला दोष दुरुस्त करण्यासाठी बघणाऱ्याच्या डोळ्यांत भिंग बसवण्याचा हा तालुक्यातला बहुधा पहिलाच प्रयोग असावा. थेंब टाकायचं काम शेठनी कुणाला करू दिलं नाही. दिवसातून सहा वेळा स्वतः टाकत होते, आणि दर थेंबाला म्हणत होते, "आते दिखी."

आश्विनात पुन्हा फिल्म लागली. छोटीबाईंनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली. मग दिवे लावल्यावर त्यांनी खोलीभर नजर फिरवली.

"आते मले बठ्ठं साफ दिखस," त्या म्हणाल्या. "पंखावरनी धूळ दिखस. रिषभना डोकावरनं टक्कल दिखस. जिनलनी साडीले फॉल उलटा लागेल शे तो दिखस." त्या पडद्याकडे वळल्या. "माय दिखस नही."

आवाज अजिबात चढवला नव्हता. चढवला असता तर शेठना बरं वाटलं असतं. पन्नास वर्षांत गिऱ्हाइकाने माल परत आणण्याची ही पहिली वेळ होती, आणि बदलून द्यायला दुसरा माल नव्हता. त्या रात्री शेठ जेवले नाहीत. काही चुकलं असं त्यांना वाटत होतं आणि कोणता नियम मोडला तेच सापडत नव्हतं. मोडला असता तर सापडला असता.

सकाळी त्यांनी गाडी काढायला लावली आणि छोटीबाईंना घेऊन खात्याचा पाडा गाठला. तरुण गाडी चालवत होता.

ज्वारी कापणीला आली होती. शेताच्या चारही अंगांना काठ्या रोवलेल्या आणि काठीकाठीला काळी चकचकीत पट्टी ताणलेली. तीन कॅसेटींची मिळून पाऊण किलोमीटर पट्टी. वारा आला की सगळं लग्न एका सुरात घुमत होतं. सबंध जिल्ह्यात त्या लग्नाची एकमेव न आटवलेली प्रत होती ती, आणि ती ऊन-पावसात तीन महिने उभी होती.

"शेठ, एक चिडी बठनी नही," खात्या खुशीत म्हणाला. "भलतं भारी लगन व्हतं तुमनं."

शेठनी तरुणला बाजूला घेऊन विचारलं, चौदा सेकंद म्हणजे किती कापड? तरुणने पट्टीचा वेग धरून हिशोब केला आणि दोन्ही हातांनी माप दाखवलं. दीड वीत. शेठनी ती दीड वीत आपल्या हाताने पुन्हा मोजून बघितली. मग काठीमागून काठी चालत निघाले. पट्टीला कुठे खूण नव्हती. काही ठिकाणी ती उन्हाने विटून पांढुरकी झाली होती, काही ठिकाणी तुटून खात्याने गाठ मारली होती. पंचावन्न वर्षं ज्यांनी नुसत्या बोटाने सूत ओळखलं, त्या इंदरमल शेठना दीड वीत सासू ओळखता येईना.

तिसऱ्या बांधावर ते थांबले. जैन माणूस वर्षातून एकदा, संवत्सरीला, घरादाराची क्षमा मागतो. शेठनी ती दर वर्षी मागितली होती, दुकानात येणाऱ्याजाणाऱ्याची, छापील कार्डावर. यंदाची संवत्सरी होऊन महिना उलटला होता. त्यांनी बायकोसमोर हात जोडले.

"मिच्छामि दुक्कडम्," ते म्हणाले.

छोटीबाई पट्टीचं एक टोक बोटात धरून उभ्या होत्या. ती बोटात थरथरत होती.

"सोडाई ल्यू का बठ्ठी?" शेठनी विचारलं.

"नको," छोटीबाई म्हणाल्या. "माय राखणले बठेल शे. बठू द्या."

मार्गशीर्षात सोहळा झाला. पुरुषोत्तमनगरापासून सारंगखेड्यापर्यंतचे सगेसोयरे आले. तरुणने दोन कॅमेरे लावले, वर एक उडता कॅमेरा सोडला. मंचावर दोन सिंहासनं होती. अर्ध्या तासाने छोटीबाईंची कंबर भरून आली आणि त्या कुणाला न सांगता खाली उतरून बायकांच्या मागे, भिंतीजवळच्या साध्या खुर्चीवर जाऊन बसल्या. मंडपाच्या मध्यभागी शहात्तर वर्षांचे बन्सीलाल फूफाजी नाचत होते.

शेठनी मंचावरून बघितलं. भिंत मोतिया रंगाची होती. छोटीबाईंची साडी मोतिया रंगाची होती. त्या अगदी स्वस्थ बसल्या होत्या.

शेठ सिंहासनावरून उठले, आशीर्वादाला वाकलेल्या दोन जावयांना तसेच वाकलेले ठेवून धावत खाली आले आणि बायकोचं मनगट धरलं.

"हात हालाव."

"कसाले?"

"हालाव म्हंतस ना! नही ते भीत व्हई जाशी."

छोटीबाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं आणि हात हलवला. नवऱ्याने खाली ठेवू दिला नाही. सोहळ्याची फिल्म दोन तास वीस मिनिटांची आहे आणि तीत छोटीबाई, मध्ये जेवणाची सुटी वगळता, सतत हात हलवत आहेत. शेजारी शेठ उभे आहेत, आणि हात थकला की तो स्वतः धरून हलवत आहेत. पाहुण्यांना हा काहीतरी राजस्थानातला जुना रिवाज वाटला आणि त्यांनीही उलट हात हलवले. फूफाजींना पहिल्यांदाच जागा कमी पडली. फिल्म मूळ आकारात, एकशे चाळीस जीबी, ठेवली आहे आणि तिला अजून पाणी लागलेलं नाही. दुकानात मात्र तीनही नियम पूर्ववत चालू आहेत, कारण अस्तराची त्यात काही तक्रार नाही.

हे वाचून कुणाला आपल्या मोबाइलमधल्या चौदा हजार फोटोंची काळजी वाटली असेल, तर ती सोडून द्यावी. ते सुरक्षित आहेत आणि तुम्ही ते बघणार नाही आहात. फक्त हे पान मिटण्याआधी एकदा मान वर करून घरातल्या भिंतीकडे बघून घ्यावं. तिथे कुणी बसलेलं दिसलं तर उत्तम. दिसलं नाही, तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायची घाई करू नये.